काखेतली खपली

"हात वर कर वं अक्का, काख पुसू दे," झुंबरबाई म्हणाली. पुष्पाबाईला काही ते ऐकू गेलं नाही. आठ दिवसांच्या तापाने तिचे डोळे तारवटले होते. मलेरिया निघाला नव्हता, डेंगी नव्हता, टायफॉइडही नव्हता, आणि आता श्वासही लागू लागला होता. शिरपूरकडून तिला घेऊन आलेला नवरा, तोताराम, खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभा होता.

झुंबरबाईने स्वतःच तिचा हात उचलला, ओला फडका फिरवला आणि थबकली. काखेच्या वळीत वालाच्या दाण्याएवढी काळी खपली होती, भोवती लालसर कड.

अशी खपली तिने आधी पाहिली होती.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला पिंपळनेरकडची एक तरणी बाई अशीच तापाने फणफणत आली होती. तिच्या कमरेला, परकराच्या नाडीखाली, अशीच खपली. झुंबरबाईने कडेकडेने पुसून घेतलं आणि गप्प राहिली. धुळ्याच्या त्या दवाखान्यात आया म्हणून सव्वीस वर्षं काढताना तिने एक पक्कं ठरवलं होतं, की आपण अंग पुसायचं, रोगाचं निदान शिकलेल्यांनी करायचं. पाचव्या दिवशी ती बाई गेली.

ती फडका तसाच हातात घेऊन टेबलापाशी गेली. तिथे निवासी डॉक्टर कुंदन फॉर्म भरत होता. विभागप्रमुख ज्योत्स्ना मॅडमचा मोठा अभ्यास चालू होता. कारण न सापडलेल्या तापाचा प्रत्येक पेशंट, त्याचं निदान काय झालं, पुढे तो वाचला की नाही, सगळं त्या चार पानी फॉर्मात जात होतं.

"साहेब, पाच नंबरच्या बाईच्या काखेत काळी खपली आहे."

"बिडीचा चटका असेल, मावशी."

"काखेत कोण बिडी लावतं, साहेब?"

कुंदन हसला. "बरं, राउंड संपला की बघतो." त्याच्या डोळ्यांवर झोप होती, आणि अजून तीस पेशंट बाकी होते.

झुंबरबाई वळली आणि जिना चढून थेट मॅडमच्या खोलीत शिरली. आत मीटिंग चालली होती. सहा डॉक्टरांनी माना वर केल्या.

"मॅडम, आत्ता चला," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत 'आत्ता' हा शब्द तिने कुठल्या डॉक्टरपुढे वापरला नव्हता. "काखेत खपली आहे. मागे अशीच एक बाई गेली. मी बोलले नव्हते."

मॅडम उठल्याच.

खपली पाहून त्यांनी फॉर्म मागवला. तिसऱ्या पानावर प्रश्न होता, अंगावर काळी खपली आहे का? पुढे 'नाही'वर खूण होती.

"तू पाहिलं होतंस?"

"विचारलं होतं मॅडम," कुंदन खाली बघत म्हणाला. "बाई नाही म्हणाली."

तोताराम न राहवून बोलला, "ती कसं सांगी, साहेब? काखमा काय शे ते तिलेच माहीत नई."

गवतातला डोळ्याला न दिसणारा किडा चावतो, तिथे अशी खपली धरते आणि हा ताप चढतो, मॅडमनी त्याला समजावलं. वेळेवर कळलं तर औषध साधं आहे. रक्त तपासायला पाठवलं, पण रिपोर्टला चार दिवस लागणार होते.

"तोवर थांबायचं?" कुंदनने विचारलं.

"रिपोर्ट येईल तेव्हा बाई असायला हवी ना! आत्ता सुरू कर."

तिसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई पाण्याची बादली घेऊन आली, तर पुष्पाबाई उशीला टेकून बसलेली.

"माले भूक लागनी वं," ती म्हणाली. "कळनानी भाकर भेटी का आठे?"

ती ज्वारी-उडदाची भाकर आणायला तोताराम जिन्याकडे धावत सुटला. टोपी खाली पडली, ती झुंबरबाईने उचलली आणि पदर तोंडाला लावून हसता हसता रडली. पुढे रिपोर्टही त्याच तापाचा आला.

त्या आठवड्यात मॅडमनी सगळे जुने फॉर्म टेबलावर मांडले. "एकसष्ट जणांना आपण विचारलं," त्या म्हणाल्या. "बघितलं एकालाही नाही." दुसऱ्या दिवसापासून तापाच्या प्रत्येक पेशंटचं अंग तपासताना झुंबरबाईने सोबत असायचं, असं ठरलं. जानेवारीपर्यंत अकरा खपल्या सापडल्या. कुणाच्या कानामागे, कुणाच्या छातीखाली, एकीच्या तर केसांत. अकराच्या अकरा जण आपल्या पायांनी जिना उतरून घरी गेले.

मॅडमनी जुन्या कागदांतून पिंपळनेरकडच्या त्या बाईची फाइलही शोधून काढली होती. "तिचं नाव दीपमाला होतं," त्या म्हणाल्या. "आपल्या अभ्यासात तिचीही नोंद असेल." झुंबरबाईने ते नाव एकदा हळूच म्हणून पाहिलं.

फेब्रुवारीत शिकाऊ डॉक्टरांची नवी तुकडी आली. मॅडम त्यांना म्हणाल्या, "आज मावशी शिकवतील," आणि स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या.

खाटेवर साक्रीकडचे एक आबा तापाने कण्हत होते. झुंबरबाईने पडदा ओढला.

"आधी तळहात चोळा," ती म्हणाली. "थंड हात लागला का माणूस आखडतं. मग काय दिसेल तुम्हाला?"

गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेले आठ जण खाटेभोवती तळहात चोळत उभे राहिले. मागे कुंदन आणि मॅडमही. झुंबरबाई घाई न करता थांबली. मग आबांकडे वाकली.

"आबा, दखू का?"

आबांनी मान हलवली. तेव्हा कुठे तिने त्यांच्या अंगावरची चादर बाजूला केली.