शंभरच्या आत

वर्षाच्या पहिल्या सकाळी भिंगरीने अंगणातल्या शेडमध्ये जाऊन भट्टीवरच्या तापमापकाचा काटा पाहिला. दोनशे बारा. दात घासून आली, पुन्हा पाहिला. दोनशे अकरा. चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत आणखी एक चक्कर मारून आली.

"काटा काय पळून जातोय का?" आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

"पळत नाहीये, हीच तर पंचाईत आहे."

भट्टी मोठ्या कपाटाएवढी होती. तिला दार नव्हतं. दाराच्या जागी विटा रचायच्या आणि फटी ओल्या मातीने लिंपून टाकायच्या, अशी जुनी पद्धत. आत तेवीस भांडी होती. सगळी बाबांच्या हातची. आणि बाबांना जाऊन सात महिने झाले होते.

ते गेले तेव्हा ही भांडी एकदा भाजून, फळीवर ओळीने मांडलेली होती. वरून काचेचा थर चढवून ती दुसऱ्यांदा भाजायची राहिली होती. भिंगरी बारा वर्षं बाबांच्या समोरच्या चाकावर बसून काम करत आली होती, पण हे सात महिने तिने त्या फळीवरची चादरसुद्धा उचलली नाही. शेड झाडली, जुना माल दुकानांना पोचवला, चाकाचं तुटलेलं पायडल दुरुस्त करून घेतलं. भट्टी मात्र गारच राहिली. मग वर्ष संपायला आठवडा उरला तेव्हा एका दुपारी तिने एकदम चादर ओढून काढली, बाबांच्या वहीत पाहून काचेचं मिश्रण कालवलं आणि एकेक भांडं त्यात बुडवायला घेतलं. परवा भट्टी पेटवली होती. काल सकाळी बंद केली.

आता फक्त थांबायचं होतं. तापलेली भट्टी उघडली की गार हवा आत शिरते आणि भांड्यांना तडे जातात, हे शेडमधल्या मांजरालाही ठाऊक असावं. म्हणूनच भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : शंभरच्या आत. अक्षर बाबांचंच. आणि तो नियम एकदाही न पाळलेला माणूसही तोच.

वर्षाची शेवटची भट्टी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उघडायची, हा त्यांचा रिवाज होता. आदल्या दिवशी ते दरवर्षी न चुकता सांगायचे, "यंदा घाई नाही. यंदा सगळं शांतपणे." आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता आटपायच्या आत, काटा दोनशेवर असतानाच, वरची वीट काढून मोकळे. मग आतून टिंग, टिंग असे बारीक आवाज यायचे. "बघ, बोलायला लागली," ते म्हणायचे. ती बोलत वगैरे नसत, त्यांच्या अंगावरची काच तडकत असायची. घरातला एकूण एक कप केसासारख्या रेषांनी भरला होता, आणि दरसाल दोन-तीन भांडी तर सरळ दोन तुकडे होऊनच बाहेर यायची.

भिंगरीने मनाशी पक्कं केलं होतं. यंदा शंभरच्या आत. ही तेवीस फुटली तर पुन्हा घडवायला ते हात नव्हते. बाबांना जे एकदाही जमलं नाही ते ती करून दाखवणार होती, आणि नवं वर्ष तसंच चालवणार होती : थांबून, पाहून, मग हात घालून. ठरवणं सोपं होतं. तिचा जीव मात्र पहाटेपासून खालीवर होत होता. कशी निघाली असतील? निळा रंग उतरला असेल का? तो झाकणाचा मोठा बुधला उभा असेल ना?

दहा वाजता आत्या आली. बाबांची धाकटी बहीण. चपला काढायच्या आधी तिने विचारलं, "उघडली?"

"एकशे सत्त्याऐंशी," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे उघडायचीच वेळ. दादा तर या वेळेला सगळी धुऊन, पुसून टेबलावर मांडायचा."

"अर्धी टेबलावर आणि अर्धी कचऱ्यात."

"असू दे. मजा यायची की नाही?" आत्या भट्टीला ओवाळल्यासारखी एक फेरी घालून आली. "एकच वीट काढ. वरची. नुसतं डोकावू."

"आत्या, हात लावलास तर चहा मिळणार नाही."

"वहिनी, ऐकलंत? ही मला चहा नाकारते." पण आत्या बसली. बसली म्हणजे स्टुलावर टेकली आणि दर दोन मिनिटांनी मान लांब करत राहिली.

भिंगरीने हाताला काम असावं म्हणून मातीचा गोळा मळायला घेतला. मळला, पुन्हा मळला. एकशे सत्तर. शेजारचे सुतारकाका कुंपणावरून डोकावले. भट्टीतल्या भाजक्या मातीच्या फळ्यांसाठी त्यांनीच माप घेऊन दिलं होतं, तेव्हा आपलाही हक्क आहे असं त्यांचं म्हणणं. आत येऊन तेही एका खोक्यावर बसले.

"काय भिंगरे, अजून बंदच? मी दुपारची झोप सोडून आलोय."

"अजून सकाळ आहे, काका."

"म्हणजे आधीच सोडून ठेवली."

दीडशेला भिंगरी उठली. आपण कधी उठलो ते तिचं तिलाच कळलं नाही. वरच्या विटेभोवतीची माती वाळून भेगाळली होती. तिने ती नखाने खरवडली. वीट नुसती ऊबदार होती, हात सहज ठेवता येईल इतकीच. दीडशे म्हणजे काही दोनशे नव्हे. बोटभर सरकवली तर काय होणार आहे? आत्या श्वास धरून उभी राहिली. सुतारकाकाही उठले.

"अगदी तश्शी," आई म्हणाली.

आई कधी येऊन दारात उभी राहिली होती कुणास ठाऊक. हातातला फडका तसाच होता.

"कशी?"

"पाच वर्षांची होतीस. याच विटेशी उभी होतीस, पाटावर पाट ठेवून. 'बाबा उघडा, बाबा उघडा.' तुझा बाप सकाळपासून घड्याळ लावून बसला होता. त्याच्याएवढा थंड माणूस मी पाहिला नाही. दिवसभर बसला असता तो. पण तू रडून रडून निळी पडलीस, तेव्हा उठून त्याने वीट काढली. आतून आवाज आले, तशी तू टाळ्या पिटायला लागलीस. चार भांडी गेली त्या दिवशी."

भिंगरीचा हात विटेवरच होता. "आणि नंतर? मी मोठी झाले की."

"मोठी झालीस, पण पायाची भिंगरी कुठे थांबली? पहिल्या दिवशी सकाळी तू अशाच फेऱ्या मारायचीस. तो तुझ्याकडे बघायचा, मग काट्याकडे बघायचा आणि म्हणायचा, 'जाऊ दे, काढूया.' मी एकदा भांडले त्याच्याशी. म्हटलं, अहो, इतक्या कष्टाची भांडी. तर म्हणतो, भांडी काय, उद्या आणखी करू."

सुतारकाका उगाचच खोक्याच्या खिळ्याकडे पाहत राहिले.

बारा वर्षं समोरासमोर बसून भिंगरी बाबांना उतावळे समजत आली होती. तोंडावर म्हणायचीसुद्धा. ते हसून मान डोलवायचे. भिंतीवरची ती अक्षरं त्यांनी स्वतःला बजावण्यासाठी लिहिली, असंच तिला वाटत आलं होतं. आता तिने नीट पाहिलं. अक्षरं बरीच खाली होती. पाच वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांसमोर येतील अशी.

तिने हात काढला. ओल्या मातीचं बोट घेऊन खरवडलेली फट पुन्हा लिंपली.

"आता काय?" आत्या म्हणाली.

"आता बसायचं. त्यांना एकदा तरी थांबायला मिळू दे."

मग मात्र थांबणं बदललं. उत्सुकता तीळभर कमी झाली नाही, उलट वाढली, पण आता ती बोचत नव्हती. आईसुद्धा स्टूल घेऊन येऊन बसली. जेवणं तिथेच, मांडीवर ताटल्या घेऊन झाली. भिंगरी काटा मोठ्याने वाचायची आणि बाकीचे अंदाज सांगायचे. आत्याने मोठ्या बुधल्याचा रंग हिरवा सांगितला, सुतारकाकांनी निळा. एकशे वीसला सुतारकाका खरोखरच बसल्या जागी झोपले. एकशे पाचला आत्याने त्यांना ढोसून उठवलं. शंभरवर काटा असा चिकटून बसला की आत्या त्याच्याशीच बोलायला लागली.

तीन वाजून गेले तेव्हा तो अठ्ठ्याण्णववर आला.

भिंगरीने वरची वीट काढली. चौघंही कान देऊन उभी राहिली. आतून काहीच आवाज आला नाही. फक्त ऊब आली, पांघरुणातून यावी तशी.

"बोलत का नाहीत?" आत्या कुजबुजली.

"बोलतील. जरा थांब."

एकेक वीट उतरली. मग एकेक भांडं. वाडगे, कप, उभट पेले, गर्द निळे, काठाशी तपकिरी झालेले. भिंगरी प्रत्येक भांडं तळहातावर धरून कानाशी न्यायची आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोकायची. तडा असेल तर भांडं मठ्ठ वाजतं, हे बाबांनीच शिकवलेलं. टण्ण. दुसरं, टण्ण. आत्या मोजत होती. एक पेला फळीला चिकटून बसला होता. त्याच्या बुडाची काच पुसायला भिंगरीच विसरली होती. तो निघताना तळाचा टवका गेला.

"हा माझा," ती म्हणाली आणि बाजूला ठेवला.

बावीस झाली. शेवटी मागच्या फळीवरचा झाकणाचा बुधला राहिला. निळाच होता. सुतारकाकांनी आत्याकडे विजयी नजरेने पाहिलं. भिंगरीने तो दोन्ही हातांनी उचलून आईपुढे धरला.

"मला नाही कळत त्यातलं," आई म्हणाली.

"ऐकायचं तर आहे नुसतं."

आईने फडका खांद्यावर टाकला, बोट वाकवलं आणि ठोकलं. लांबलेला, भरलेला आवाज शेडभर फिरला. तो पार विरेपर्यंत आईने बोट तसंच धरून ठेवलं.

"पुन्हा," आत्या म्हणाली.

भिंगरीने बुधला खाली ठेवला, सकाळपासून मळलेला गोळा उचलला आणि आपल्या चाकाकडे गेली. मग वळून बाबांच्या चाकावर बसली. आई दुसऱ्यांदा ठोकत होती.