बोटभर सैल

बाबांनी कार्ड आणलं ते मला न विचारता. खोकं स्वतःच फोडलं आणि न्हाऊ घातलेलं बाळ धरावं तसं ते दोन्ही हातांवर घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"तुझ्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून आतलं माप घेतलं आणि मगच दुकानात गेलो," ते म्हणाले.

बाबा शिंपी आहेत. टेप गळ्यात ठेवूनच जेवतात. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला अ‍ॅनिमेशनचं जड काम झेपत नव्हतं. दूरच्या शहरातल्या स्टुडिओनं सांगितलं होतं, नवं ग्राफिक्स कार्ड बसवून घरून काम कर, नाहीतर इकडे राहायला ये. आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. बाबांना मी घरी हवी होते. मला जायचं होतं, पण तसं सांगायला तोंड उघडत नव्हतं. म्हणून कार्ड बसू नये यासाठी मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसले होते.

मी उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. शेवटी बाबाच म्हणाले, "अगं, किती येरझारा? बसवून तर बघ."

झाकण काढून मी कार्ड खाचेपाशी नेलं. ते पुढे हार्ड डिस्कच्या खणाला अडलं. बोटभर लांब होतं.

"असं कसं होईल?" बाबांनी टेप लावली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा, दुकानात माप सांगताना सैल धरलंत का?"

"बोटभर. धरावंच लागतं. अंगाला चिकटून कोण शिवतं?"

"हा पत्रा आहे, बाबा. तो श्वास घेत नाही."

मला इतका आनंद झाला की लाज वाटली. चेहरा मात्र पाडून ठेवला.

पण बाबा सोडतात कसले. वाकून म्हणाले, "हा खण तर रिकामाच आहे. कशानं जोडलाय?"

"स्क्रूनं."

"मग उसवता येतो की."

खण सुटला. कार्ड खटकन बसलं. आता माझी सगळी भिस्त विजेवर होती. खोक्यावर कार्डाला किती वॅट लागतात ते पाहिलं, पॉवर सप्लायचं लेबल वाचलं. पुरून उरत होती मेली. हवी ती वायरसुद्धा कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली सापडली. मला त्या वायरचा राग आला. पुरत नाही असं म्हटलं असतं तर बाबांना काय कळणार होतं? पण जीभ रेटेना.

बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन उजळली.

"लागलं," बाबा म्हणाले. "कळव आता त्यांना."

मी फोन लावला. स्टुडिओच्या मॅडमनं विचारलं, "मशीन तयार आहे?"

"तयार आहे," मी म्हटलं. बाबा समोर मान डोलावत होते. "पण मी तिकडेच येते."

फोन ठेवला. बाबांनी झाकण लावायला घेतलं. त्यांच्या हातातून स्क्रू दोनदा निसटला. सुईत दोरा एका झटक्यात ओवणारा माणूस.

"हे चालू कसं करायचं ते शिकवून जा," ते म्हणाले. "तू तिकडे केलेलं इथं बघता येईल ना?"

"येईल," म्हणता म्हणता मला रडू फुटलं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच मला कुठेही जावंसं वाटेना.