शेजारी नांदलेले शब्द

तिची हनुवटी टॉवेलच्या टोकाने पुसता पुसता त्याने मुद्दाम चूक केली.

"अगं, इंग्रजीतला फीमेल हा शब्द मेलवरूनच आला असणार. मेलच्या पुढे फी चिकटवली, झाली फीमेल! त्यात काय एवढं?"

आणि वाट बघत बसला. तिचा जन्म शब्दकोशाच्या कचेरीत गेला होता, त्याचा विजेच्या खात्यात. लग्नानंतर नव्यानव्यातच त्याने हीच अक्कल पाजळली होती, तीही पाहुण्यांसमोर. मग काय, बाई जी सुटली! मेल आला लॅटिन 'मास्क्युलस'पासून, फीमेल 'फेमेला'पासून, म्हणजे लहानखुरी बाई. दोघांचं काडीचं नातं नाही. शेजारी शेजारी नांदून इंग्रजीत तिचं शेपूट त्याच्यासारखं झालं, बस्स. पाहुण्यांचा चहा गार झाला तरी हिचं चालूच. पुढे भांडायला काही नसलं की तो हाच विषय उकरून काढायचा, आणि ती दर वेळी तितक्याच त्वेषाने अंगावर यायची. त्याला फार आवडायचं ते.

आजारपणात ती बोलेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बोलत राहा. तो दिवसभर बडबडायचा, ती नुसती बघायची. आत ती अजून आहे की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

"बाबा, कशाला छळताय तिला?" कपड्यांच्या घड्या घालता घालता मुलगी म्हणाली.

"थांब गं जरा."

बायकोच्या कपाळावर आठी उमटली. ओठ हलले. त्याचे प्राण कानांत गोळा झाले. काहीतरीच काय बोलता, म्हण. एवढं तरी म्हण गं.

तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि पाहुण्याची समजूत काढावी तसं हलकेच थोपटलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

"आई बोलली! बाबा, ऐकलंत? अगदी स्पष्ट बोलली!" हातातले कपडे टाकून मुलगी धावत आली. डोळे पुसत, हसत तिने भावाला फोन लावला.

सगळ्या संसारात तिने हे त्याला एकदाही म्हटलं नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती खिडकीबाहेर बघत होती.

"घ्या, दादाला तुम्हीच सांगा."

मुलीने पुढे केलेला फोन त्याने घेतला नाही.

"तूच सांग," तो म्हणाला. "मला नाही जमायचं."