एकोणीसपैकी एकोणीस

प्रादेशिक विकास मंडळाच्या कार्यालयात दरवर्षी चोवीस पानांचा एक फॉर्म येत असे. वर ठळक अक्षरांत 'शाश्वत विकास : वार्षिक प्रगती'. तो भरायला हेडक्लार्कना चाळीस मिनिटं पुरत. मागच्या वर्षीचा काढायचा, तारीख बदलायची, आकडा तोच ठेवायचा किंवा एकाने वाढवायचा, आणि सहीला पाठवायचा. आकडा कमी मात्र करायचा नाही. कमी झाला की वरून पत्र येतं आणि पत्र आलं की उत्तर द्यावं लागतं. उगाच कशाला आ बैल मुझे मार!

माणूस वाईट नव्हता बरं का. बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाच्या चहाचाही मिंधा झाला नव्हता. हवी ती फाइल डोळे मिटून काढून देत, म्हणून सगळे त्यांना फाइलराव म्हणत. असे फाइलराव तुमच्याआमच्या ओळखीत कितीतरी असतात. सरळ, कामसू, आणि कागदाच्या पलीकडे कधी पाऊल न टाकलेले.

त्या वर्षी वरच्या खात्याने ठरवलं की शाश्वत विकासाची कामं प्रत्यक्षात उतरवायला मंडळांना मदत करायची. त्यासाठी एक निवृत्त इंजिनीअरबाई पाठवल्या. साठी ओलांडलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीवर पिशवी. संचालकांनी फाइलरावांना बोलावून बजावलं, "तीन आठवडे बाईंना सांभाळा. काय हवं ते द्या. पण आपली लक्तरं वेशीवर टांगू नका."

फाइलरावांनी सभागृह झाडून घेतलं, पडदा लावला, खुर्च्या मांडल्या. बाईंनी ते सगळं पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "भाषण करायला नाही हो आले मी. तुमचा मागचा फॉर्म तेवढा द्या."

फॉर्म चाळता चाळता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. 'आरोग्य केंद्रांवरील सौरऊर्जा संच : एकोणीसपैकी एकोणीस कार्यरत.'

"वा! पैकीच्या पैकी. यातले तुम्ही किती पाहिलेत?"

"पाहिलेत म्हणजे... नोंद आहे ना आपल्याकडे. बसवल्याचे दाखले आहेत, फोटो आहेत."

"कधीचे?"

"सहा वर्षांपूर्वीचे."

"सहा वर्षांत तुमच्या चष्म्याचा नंबर बदलला की तोच आहे?"

"दोनदा बदलला," फाइलराव म्हणाले आणि स्वतःच हसले.

"मग चला, एक तरी पाहून येऊ. जवळचं नको, सगळ्यात लांबचं दाखवा."

दुसऱ्या दिवशी दोन तास गाडीत हाडं खिळखिळी करून दोघं शेवटच्या केंद्रावर पोहोचली. बैठी इमारत, पुढे लांब व्हरांडा. लसीकरणाचा दिवस होता. व्हरांड्यात बायका तान्ही मुलं घेऊन बसल्या होत्या आणि दारात उभी राहून नर्स त्यांना परत पाठवत होती.

"ताई, ही माझी दुसरी खेप," एक बाई काकुळतीला येऊन म्हणाली. "दीड तास चालत येते हो मी, याला कडेवर घेऊन."

"कळतंय गं मला. पण वीज काल दुपारी गेली ती आत्ता आली. फ्रिजमधली लस तापली. तसली टोचून तुझ्या लेकराला काय उपयोग? उगाच सुई आणि रडणं."

बाईने बाळाचं टोपडं नीट केलं आणि ती उन्हात चालू लागली. फाइलराव पुढे झाले.

"पण तुमच्याकडे सौर संच आहे ना? फ्रिजसाठीच बसवलाय तो."

नर्सने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "आपण कोण?"

"विकास मंडळातून आलोय."

"अस्सं! मग या, या. आहे की संच. दाखवते."

तिने त्यांना लोखंडी शिडीवरून गच्चीवर नेलं. पॅनलांवर धुळीचा आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा बोटभर थर होता. दोन पॅनलांवर दवाखान्याच्या चादरी वाळत घातल्या होत्या. खाली कोपऱ्यातल्या खोलीत बॅटऱ्या फुगून बसल्या होत्या, तोंडाशी पांढरी बुरशीसारखी साय.

"तीन वर्षं झाली यांनी मान टाकून," नर्स म्हणाली.

"मग कळवायचं नाही का?" फाइलरावांचा आवाज चढला. "तीन वर्षं गप्प बसलात?"

नर्सने टेबलाचा खण ओढला आणि तीन कागद त्यांच्यापुढे ठेवले. "तीनदा कळवलं. ही तुमची तीन उत्तरं."

तिन्ही उत्तरं शब्दशः सारखी होती. 'आपल्या केंद्रावरील संच कार्यरत असल्याचे अभिलेखावरून दिसून येते. सबब, नवीन बॅटऱ्यांची मागणी विचारात घेता येत नाही.' खाली संचालकांची सही होती, आणि डाव्या कोपऱ्यात मसुदा करणाऱ्याची बारीक, वळणदार आद्याक्षरं. ती फाइलरावांची होती!

"मी इथे अंधारात उभी, आणि कागद म्हणतो दिवा लागलाय," नर्स म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "कागदाशी कोण भांडणार साहेब?"

परतीच्या वाटेवर फाइलराव म्हणाले, "मी खोटं लिहिलं नव्हतं हो. बसवले होते, ते लिहिलं."

"बसवले होते हे खरंच आहे," बाई म्हणाल्या. "पण शाश्वत म्हणजे काय? टिकणारं! बसवणं एका दिवसाचं काम. फीत कापतात, फोटो निघतो. टिकवणं रोजचं काम, त्याचा फोटो कुणी काढत नाही. आणि ज्या दिवशी तुम्ही 'कार्यरत' लिहिलंत ना, त्या दिवशी ते केंद्र गरजूंच्या यादीतून उडालं. रोगी बरा झाला असं तुम्हीच लिहून दिल्यावर डॉक्टर कशाला येईल?"

ती उन्हात निघालेली बाई अजून वाटेतच असेल, एवढंच फाइलरावांच्या मनात येत होतं.

सकाळी बाई कार्यालयात आल्या तेव्हा ते दारातच उभे होते, हातात यादी घेऊन. "उरलेली अठरा. कुठून सुरुवात करायची?"

नऊ दिवस दोघं फिरली. कुठे बॅटरी गेलेली, कुठे वायर उंदरांनी कुरतडलेली, एका ठिकाणी तर संचाच्या खोलीला कुलूप आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मोजके संच चालत होते, आणि त्यातल्या एका केंद्रावर पॅनल आरशासारखे लखलखत होते. तिथला पहारेकरी दर आठवड्याला काठीला फडकं बांधून ते पुसत असे.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? काच आहे, मळते. पुसायला नको?"

त्या संध्याकाळी फाइलराव घरी पोचले तेव्हा बायको दारातच थांबली. "अगं बाई! बावीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या बुटांना धूळ दिसली. खरंच ऑफिसलाच जाता ना?"

फॉर्म भरून झाला. त्या ओळीत फाइलरावांनी लिहिलं, 'एकोणीसपैकी पाच.' संचालकांनी तो वाचला आणि खुर्ची मागे सरकवली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? पाच? मी वर काय तोंड दाखवू? आणि तुमच्या बढतीची फाइल याच टेबलावर आहे, हे विसरू नका!"

फाइलरावांच्या तोंडून शब्द आपसूक बाहेर पडले. "बढतीचं आपण ठरवाल ते खरं, साहेब. पण पुन्हा एकोणीस लिहिणं माझ्याच्याने होणार नाही. लेकरू घेऊन दोनदा आलेली बाई माझ्या डोळ्यांदेखत परत गेली. तिला मी परत पाठवलं साहेब, इथे खुर्चीत बसून!"

त्यांच्यासोबत आलेल्या इंजिनीअरबाई शांतपणे म्हणाल्या, "पाच लिहिलंत तर मदतीला मी आहे. एकोणीस लिहिलंत तर माझं इथे काही कामच नाही. मी उद्या निघते, आणि जाताना जे पाहिलं ते लिहून देते."

संचालकांनी पेन खाली ठेवलं. "कुठली पाच?" त्यांनी अखेर विचारलं आणि यादी ओढून घेतली. वाचून झाल्यावर म्हणाले, "सही करतो. पण नुसतं रडगाणं नको. पुढे काय करणार तेही जोडा."

ते जोडायला एक पान पुरलं. प्रत्येक केंद्रावर संचाची जबाबदारी एका माणसाची, त्याच्या नावानिशी. आठवड्याला पुसणं, महिन्याला तपासणं. आसपासच्या वायरमनना बाईंनी दोन दिवस शिकवायचं. आणि फॉर्ममधला 'कार्यरत' हा शब्द काढून तिथे तीन प्रश्न : आज चालतो का? शेवटचं कुणी पाहिलं? कधी?

वरून पत्र आलंच. 'आकडा घटण्याचे कारण कळवावे.' फाइलरावांनी कारण कळवलं, सोबत चौदा केंद्रांची हकिकत जोडली. चार महिन्यांनी नव्या बॅटऱ्यांची पहिली खेप आली आणि सर्वांत लांबच्या केंद्रावर आधी बसली. नर्सचं दोन ओळींचं पत्र आलं : वीज दोन दिवस नव्हती, लसीकरण ठरल्या दिवशी झालं.

वर्ष संपलं तेव्हा आकडा चौदावर होता. एकोणीस अजून व्हायचे होते. बढती त्या वर्षी दुसऱ्याच कुणाला मिळाली. फाइलरावांना वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्यापायी त्यांची झोप उडाली नाही.

एक दिवस शेजारच्या मंडळाच्या हेडक्लार्कचा फोन आला. "काय हो, तुमचा आकडा एकदम घसरला म्हणे! कुणाची नजर लागली?"

"घसरला नाही हो, खरा झाला," फाइलराव म्हणाले. "तुमचे किती?"

"आमचे सगळे चालू."

"तुम्ही पाहिलेत?"

पलीकडे कागद चाळल्याची सळसळ झाली. मग आवाज आला, "या ना एकदा इकडे. दोघं मिळून बघू."

मित्रहो, आपल्या गावात, शहरात काहीतरी नवं उभं राहतं तेव्हा आपण सगळे टाळ्या वाजवतो, आणि वाजवाव्यातच. पण वर्षभराने तिथे पुन्हा जाऊन 'हे अजून चालतं का?' असं विचारणारा एकजण तरी हवा. तो कार्यालयातला असेल, नाहीतर तुमच्याआमच्यातला. विकास टिकतो तो विचारणाऱ्याच्या आणि पुसणाऱ्याच्या हातांनी. आणि जे चालत नाही ते 'चालत नाही' असं लिहिण्याचं धैर्य, ही त्याची पहिली पायरी!