ओओची टेप आणि नखाएवढं लिव्हरवर्ट

अलाकाईच्या दलदलीत नोहेआने गुडघे टेकले आणि बुंध्यावरच्या नखाएवढ्या हिरव्या ठिपक्याला भिंग लावलं. शेवाळाचं भावंडच ते, लिव्हरवर्ट. अख्ख्या बेटावर बहुधा एवढंच उरलं होतं.

"आमचा ओओ निदान गात तरी होता," वाटाड्या पिलिपोकाका म्हणाले. तरुणपणी त्यांनी ओओ जातीच्या त्या शेवटच्या उरलेल्या पक्ष्याला त्याच्याच गाण्याची टेप ऐकवली होती. मादी आली असं समजून तो बापडा उडत आला होता. "हे मेलं तरी कुणाला कळायचं नाही."

"म्हणून तर नमुना न्यायचा, काका. खात्यातल्या त्या शहाण्यांना सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसल्याशिवाय ही जात अजून उरली आहे हे पटत नाही."

"मग घे चिमूटभर."

तिने चाकूच्या टोकाने कड अलगद उचलली. कुजकी साल सुटली आणि सगळंच्या सगळं तिच्या तळव्यावर आलं.

तिने ते घाईघाईने परत बुंध्यावर दाबून धरलं.

"अगं, असं चिकटतं का ते?"

"माहीत आहे मला!" ती खेकसली, पण हात काढेना.

काका शेजारी चिखलातच बसले. "धर," ते म्हणाले. "मलाही तेव्हा टेप बंद करवली नव्हती."