गुलाबी कागदावरची यादी

मी एक यादी बोलतेय. गुलाबी कागदावरची, एका पानाची. पुरात ज्यांची शेती गेली आणि ज्यांना सरकारी मदत मिळणार, त्यांची नावं माझ्या अंगावर छापली आहेत. मला सात दिवस कचेरीबाहेरच्या फलकावर लावायचं आणि कुणाचं नाव सुटलं असेल तर त्याने त्याच सात दिवसांत हरकत घ्यायची, असा नियम आहे.

मी जन्मापासूनच भित्री. गठ्ठ्यातल्या कोऱ्या बहिणींनी माझे कान भरले होते. फलकावर दुपारभर थेट ऊन येतं म्हणे. गुलाबी कागद तिथे तीन दिवसांत फिका पडतो, आठवड्यात पांढराफटक. माझ्यासोबत त्याच गठ्ठ्यातल्या गुलाबी कागदावर छापलेली गुरांच्या लसीकरणाची सूचना निवांत होती. मी मात्र थरथरत होते.

कारकुनाने आम्हा दोघींना फलकावर टाचलं. मोबाइल काढून माझा फोटो घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या चारही टाचण्या काढल्या. पाच मिनिटंही झाली नव्हती. साहेबांनीच तसं बजावलं होतं. यादी दिसली की लोक नाही नाही ते विचारत बसतात.

मला खणात ठेवलं. खरं सांगू? मला हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बाहेर एका बाईंचा आवाज आला. त्या रोपवाटिका चालवायच्या. पुरात त्यांची सगळी रोपं मातीसकट वाहून गेली होती. यादी अजून लागली नाही, असं शिपायाने त्यांना सांगितलं. पाचव्या दिवशी त्या परत आल्या, परत तेच उत्तर. मी माझ्या अंगावरची नावं वरपासून खालपर्यंत चाचपली. त्यांचं नाव नव्हतं. टेकडीवर शेत असलेल्या एका माणसाचं मात्र होतं. ते टाइप करताना कारकूनच पुटपुटला होता, “टेकडीवर पूर? होडीने नेला असेल वर.”

सहावा दिवस गेला, सातवा गेला. मी गुपचूप पडून होते.

आठव्या दिवशी बाई थेट साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. साहेबांनी माझा फोटो दाखवला, मुदत संपली म्हणाले, घरी बसून यादी वाचता येत नसते असा टोमणाही मारला. बाईंनी फक्त यादी बघायला मागितली.

मला खणातून काढलं. त्यांनी नावं वाचलीच नाहीत, नुसत्या माझ्या रंगाकडे बघत राहिल्या. मग मला घेऊन फलकापाशी गेल्या आणि लसीकरणाच्या सूचनेशेजारी धरलं. ती बिचारी हाडासारखी पांढरी पडली होती.

“दोन्ही एकाच दिवशी लावल्या ना?” त्या म्हणाल्या. “उन्हातलं रोप कुठलं आणि सावलीतलं कुठलं, ते मला शिकवू नका, साहेब.”

साहेब म्हणाले, कागदाकागदात फरक असतो. सगळे कारकुनाकडे बघू लागले. त्याने खिशातून रुमाल काढला, घाम न पुसताच परत ठेवला.

“फोटोपुरतीच लावली होती, मावशी,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “लगेच काढली.”

मग नवी मुदत मिळाली. बाईंची हरकत लिहून घेतली, पोच दिली. त्यांचं नाव येईल का, हे अजून कुणालाच माहीत नाही. कारकुनाची बदली होणार अशी कुजबुज आहे.

मलाच परत फलकावर टाचलंय. आज चौथा दिवस. चटके बसतायत, कडा वळल्यात, रंग जवळजवळ गेलाय. सकाळी टेकडीवरचा तो माणूस आला. स्वतःच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने माझी एक टाचणी सैल केली. तेवढ्यात कुणाची तरी पावलं वाजली म्हणून निघून गेला. तेव्हापासून माझा एक कोपरा वाऱ्यावर फडफडतोय.

बाई रोज चार वाजता येऊन मी जागेवर आहे ना, ते बघून जातात. चार वाजायला अजून अवकाश आहे. तुम्ही या वाटेने जात असाल तर थोडं थांबा. मला वाचा, जरा मोठ्याने वाचा. आणि तेवढी ती टाचणी घट्ट करा.