चित्रातल्या बर्गरची मागची बाजू

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. चुलीवरची गरम भांडी उतरवणारा दणकट चिमटा नव्हे. मी बोटापेक्षा थोडा लांब, पोलादी, आणि दोन्ही टोकांना सुईसारखा निमुळता. आपली गोष्ट लोकांना सांगावी असे माझ्या आयुष्यात काही घडले का, याची मला स्वतःलाच शंका आहे. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू नुसत्या उचलून ठेवल्या, त्याच्यापाशी सांगण्यासारखे ते काय असणार? पण एका दुपारपासून माझ्या मनात एक काडी रुतून बसली आहे. ती कुणाला तरी दाखवावी, म्हणून हे धाडस.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्टीतून मला कापले, वाकवले आणि माझी टोके दगडावर इतकी घासली की ती मिटल्यावर मधून उजेडसुद्धा जाऊ नये. तिथून मी एका घड्याळजीच्या हाती आलो. गल्लीच्या तोंडाशी त्याचे छोटे दुकान होते. एका डोळ्याला भिंग लावून तो बसे आणि घड्याळाच्या पोटातली चाके माझ्या टोकांनी अलगद उचले. त्याची एक सवय होती. दुरुस्त झालेले घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी तो त्याचे मागचे झाकण उघडून दाखवी. लोक घाईत असत. चालतंय ना, मग झालं, असे म्हणत. तो मान हलवून म्हणे, काटे तर सगळ्यांनाच दिसतात, मागे काय आहे तेही एकदा बघून जा. माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच. पण सुखाच्या दिवसांविषयी फारसे काही सांगता येत नाही, एवढे मला कळले आहे.

पुढे लोक फोनवरच वेळ पाहू लागले. दुकान ओस पडले, आणि काही दिवसांनी घड्याळजीही गेला. मी एका पत्र्याच्या डब्यात, वाळलेल्या तेलाच्या वासात पडून राहिलो. घरात त्याची बायको आणि दोन मुली उरल्या. थोरलीला सगळे ताईच म्हणत, आणि दुसरी धाकटी. आई शेजारपाजारचे कपडे इस्त्री करून घर चालवी. संध्याकाळी तिचे मनगट सुजलेले असे. तिचीही एक सवय होती, ती इथेच सांगून ठेवतो. खायचे काहीही हातात आले की ती त्याचे दोन तुकडे करी. भरलेला, चांगला तुकडा मुलींना देई आणि उरलेला स्वतः खाई. कुणी काही म्हटले तर तिचे उत्तर ठरलेले असे : मला एवढा पुरे.

ताई शिकून मोठी झाली आणि तिला एक वेगळेच काम मिळाले. जाहिरातींसाठी खाद्यपदार्थ सजवून द्यायचे, म्हणजे मग त्यांचे फोटो काढतात. या कामाला बारीक टोकांचा चिमटा लागतो. तिने डबा उघडला, मला पुसले, आणि माझा दुसरा जन्म सुरू झाला.

त्या स्टुडिओत मी जे पाहिले, ते सांगितले तर तुम्हाला थाप वाटेल. एका बर्गरसाठी ताईसमोर पावांचा ढीग असे. त्यातला एकच निवडायचा, बाकीचे बाजूला. निवडलेल्या पावावरचे तीळ जागेवर नसले की ते मी उचलायचे आणि गोंदाचा ठिपका लावून हव्या त्या जागी बसवायचे. पॅटी, म्हणजे पावामधली टिक्की, वरवर भाजलेली, आत कच्ची, कारण पूर्ण भाजली की ती आक्रसते. तिच्यावर कुंचल्याने तेल. चीज वितळल्यासारखे दिसावे म्हणून केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा. पानांवर ग्लिसरीनचे थेंब, म्हणजे ती आत्ताच धुतल्यासारखी दिसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, टोमॅटो, कांदा, पाने, चीज, सगळे पुढच्या कडेला ओढून घ्यायचे. कॅमेऱ्याला पुढचीच बाजू दिसते ना. मागची बाजू रिकामीच असे. तिथे पाव खाली बसू नये म्हणून दात कोरायच्या काड्या उभ्या टोचलेल्या.

फोटो काढणारा माझ्यावर फार खूष होता. ताईला म्हणे, तुझा हा चिमटा सोन्यात मढवायला हवा. मी पोलाद असूनही वितळलो. फोटो झाला की तो बर्गर कचऱ्याच्या डब्यात जाई. खाण्याजोगे त्यात काहीच नसे. त्यातल्याच एका बर्गरचे चित्र गावभर लागले. बसथांब्यावर, उंच इमारतींवर, आणि त्या कंपनीच्या प्रत्येक दुकानात, काउंटरच्या वर, आतून दिवा लावून.

अशाच एका चित्राखाली धाकटीला नोकरी लागली. तात्पुरती होती. बर्गर बांधायचा आणि काउंटरवर स्वतःच द्यायचा, असे काम. चांगले काम केले तर कायम करू, असे दुकानाच्या व्यवस्थापकाने सांगितले होते. त्या दिवशी धाकटीने आईच्या हातातली इस्त्री काढून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, मी कायम झाले की हिला हात लावायचा नाहीस. आई हसली आणि तिने इस्त्री पुन्हा हातात घेतली. आधी कायम हो तरी, असे तिचे म्हणणे.

पण धाकटीची गाठ त्या चित्राशी होती. दुकानातला बर्गर घाईघाईत बांधायचा, कागदात गुंडाळायचा आणि पुढे सरकवायचा. वाफेने पाव मऊ पडतो, पाने माना टाकतात. मग गिऱ्हाईक कागद उघडते, वर चित्राकडे बघते, आणि त्याला समोर कोण सापडते? धाकटी. कुणी विचारी, यावर कुणी बसून गेलंय का? एका आजोबांनी तर चित्राकडे बोट करून, हा याचा मोठा भाऊ का, गावाला गेलाय वाटतं, असे विचारले होते. सगळी रांग हसली. धाकटीही हसली, आणि घरी येऊन जेवली नाही. तक्रारी साठत गेल्या. व्यवस्थापकाने तिला बाजूला घेऊन सांगितले की अशाने कायम करणे अवघड आहे.

तेव्हा एका सुट्टीच्या सकाळी ती ताईसमोर येऊन बसली.

"ताई, तुझा बर्गर उंच कसा राहतो गं?"

ताईने हातातले सामान पेटीत ठेवले. मग म्हणाली, "सगळं पुढे ओढायचं. मागे काडी टोचायची. पण वेडे, तो खायचा नसतो."

"मी खायलाच देते. तीच तर पंचाईत आहे."

ताईने मग घरातल्या पावावर करून दाखवले, आणि मला धाकटीच्या हातात दिले.

तेव्हापासून मी धाकटीच्या एप्रनच्या वरच्या खिशात राहू लागलो, डोके बाहेर काढून. तिने आपली एक पद्धत बसवली. बर्गर बांधताना भरण सगळे पुढे घ्यायचे, पानांची कडा माझ्या टोकांनी बाहेर ओढायची, मागे काडी टोचायची, आणि चीज जरा घट्ट होऊन पाव उभा राहिला की माझ्याच टोकांनी काडी उपसून घ्यायची. काडी कुणाच्या घासात जाऊ नये, याबद्दल ती फार जपत असे. बर्गर ती कागदात न गुंडाळता उघड्या डबीत ठेवी, भरलेली बाजू गिऱ्हाइकाकडे करून.

आणि काय सांगू, लोक खूष झाले. डबी हातात घेऊन चित्राखाली उभे राहून फोटो काढू लागले. वस्तू तीच होती, तेवढीच होती, फक्त सगळी एका बाजूला होती. तरी तक्रारी थांबल्या. अर्धा बर्गर खाल्ल्यावर कुणी जरा थबके, पाव उघडून आत बघे. पण पहिला घास चांगला लागलेला असतो, आणि माणूस उरलेले मुकाट्याने खातो. व्यवस्थापकाने एकदा डबी उंच धरून चित्राशी ताडून पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, याला म्हणतात काम. येत्या शनिवारी संध्याकाळी तुला कायम केल्याचा कागद देतो.

त्या शनिवारी ताई आईला घेऊन दुकानात आली. आई अशा दुकानात पहिल्यांदाच येत होती. इस्त्रीची घडी न मोडलेले लुगडे नेसून ती चित्राच्या बरोबर खाली बसली. गर्दी फार होती. धाकटीचे हात भराभर चालत होते. टोच, ओढ, उपस, ठेव. आईचा बर्गर तिने स्वतः बांधला आणि स्वतः नेऊन दिला.

आईने एकदा वर पाहिले, एकदा डबीत पाहिले. "अगं, हुबेहूब की," ती म्हणाली. धाकटीचा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा मी नंतर कधी पाहिला नाही.

मग आईने नेहमीसारखे बर्गरचे दोन तुकडे केले. पाने, टोमॅटो, चीज ज्यातून बाहेर डोकावत होते, तो तुकडा तिने ताईपुढे ठेवला. मागचा स्वतः उचलला.

ताईच्या लक्षात आले. ते चित्र तिच्याच हातचे होते. "आई, तू हा घे," ती घाईने म्हणाली.

"खा गं तू. मला एवढा पुरे."

आईने घास घेतला. दोनदा चावून ती थांबली. तिने तोंड भिंतीकडे वळवले, कागदी रुमाल ओठांना लावला, त्याची घट्ट घडी केली आणि डबीखाली सरकवली. मग उरलेला तुकडा तिने पूर्ण खाल्ला. धाकटीने लांबूनच खूण करून विचारले, कसा आहे? आईनेही हातानेच सांगितले, छान आहे. जाताना म्हणाली, "पाव फार मऊ आहे हो."

त्या दोघी गेल्यावर धाकटी टेबल पुसायला आली. तिने डबी उचलली, खालचा रुमाल उलगडला. त्यात काडी होती. तिच्या टोकाला थोडे लाल लागले होते. गर्दीत एकच उपसायची राहिली होती, आणि ती नेमकी तिथे गेली होती.

धाकटीने काडी खिशात टाकली. ती माझ्याशेजारी येऊन पडली. काउंटरवर रांग तशीच होती, पण धाकटी सरळ व्यवस्थापकाकडे गेली. तिने काडी त्याच्यासमोर ठेवली, सगळे सांगितले, आणि यापुढे मी भरण सारखे पसरूनच बांधीन, असेही सांगितले. त्याने आधी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, हे पाहिले. काड्या बंद करायच्या, हे त्याला पटले. पण भरण पुढे ओढण्यात त्याला काहीच वावगे वाटेना.

"चित्रासारखा जमतोय, तर बिघडवतेस कशाला? मागे कोण बघतं?"

धाकटी म्हणाली, "साहेब, माझी आई मागचाच खाते."

कायम करण्याच्या कागदाची गोष्ट मात्र त्याने पुन्हा काढली नाही. बघू पुढे, एवढेच म्हणाला.

ते पुढे अजून आलेले नाही, मित्रांनो. धाकटी तात्पुरतीच आहे. बर्गर पुन्हा बसका झाला आहे, आणि गिऱ्हाइके त्याच्या मोठ्या भावाची चौकशी करतात. आईची इस्त्री चालू आहे. त्या काडीबद्दल आईने घरात चकार शब्द काढला नाही, आणि त्यामुळेच दोघी बहिणी एकमेकींच्या नजरेला नजर देत नाहीत. ताई अजून स्टुडिओत जाते. घर चालायला हवे. फक्त तिने स्वतःसाठी नवा चिमटा घेतला आणि मला पुन्हा पत्र्याच्या डब्यात ठेवले. ठेवताना मला तिने खूप वेळ पुसले. मला वाटते, तिला घड्याळजीची आठवण झाली असावी. पण हा माझा अंदाज. मी चुकतही असेन.

उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. हजारो तीळ मीच बसवले आहेत. तरीही जाता जाता विनवणी करतो. दिव्याने उजळलेल्या चित्राखाली उभे राहाल आणि हातातला बर्गर तसा नसेल, तर काउंटरपलीकडच्या मुलीवर हसू नका. ते चित्र तिने काढलेले नाही. आणि कधी तुमचा बर्गर अगदी हुबेहूब निघालाच, तर हरखून जाण्याआधी तो उलटा फिरवून बघा.

मग घरी जा, आणि जेवताना जरा लक्ष ठेवा. तुमच्या घरी मागचा तुकडा कोण उचलते, ते एकदा नीट पाहा. ती व्यक्ती "छान आहे" म्हणेल. तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका.